अकरा मिनिटं

‘दोष आढळला नाही. सवय आढळली. सवय वॉरंटीत येत नाही.’

कंपनीचं पत्र एवढंच होतं. शर्वाणी कुलथेने ते नाशिकच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ठेवलं. पलीकडे खैरनार बसले होते. क्लेमचे कागद तेच पाहत.

‘ब्रेक जाम होतो. याला सवय म्हणायचं?’

‘मी नाही म्हणत, मॅडम. हेड ऑफिस म्हणतं.’ खैरनारांनी चष्मा वर सरकवला. ‘आमच्या मिसेसची गाडी रसवंती आली की हळू होते. मी काय क्लेम टाकू?’

शर्वाणी हसली नाही. गाडी तिच्या वडिलांची होती. चार महिन्यांपूर्वी ते गेले आणि गाडी तिच्याकडे आली. संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना मधूनच तिचा ब्रेक आपोआप लागे, एक्सिलरेटर दाबला तरी सुटत नसे, आणि थोड्या वेळाने आपणच सैल होई. एकदा मागून येणारा टेम्पो जेमतेम वाचला होता.

‘मला अपील करायचं आहे,’ ती म्हणाली.

त्या काळात गाड्यांना प्रवासाची नोंद ठेवायला बंदी होती. कोण कुठे गेलं, किती वेळ थांबलं, हे कुठेच साठवायचं नाही, असा कायदा झाला होता. तेव्हापासून कंपन्या ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये सवयधातू वापरू लागल्या. हा मिश्रधातू स्नायूसारखा वागे. तोच ताण त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा पडला, की त्याची आतली रचना त्या क्रमाला जुळत जाई आणि पुढच्या वेळी तो चालवणाऱ्याच्या किंचित आधी हलू लागे. गाडी हाताला हलकी लागे. अंधारात ओळखीचा जिना उतरताना पायाला पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत, तसंच ते होतं. पायाला विचारून जिन्याचा पत्ता मात्र मिळत नाही. कायद्याला हेच हवं होतं.

अपिलाच्या तपासणीसाठी रोहिणी गावित आल्या. त्या धातुशास्त्रज्ञ होत्या, पन्नाशीच्या, कॉटनच्या साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या. शर्वाणीने त्यांच्यापुढे वही ठेवली. तेवीस नोंदी होत्या. तारीख, वेळ, हवेचं तापमान, ब्रेक किती वेळ धरला.

‘इतकी नीट वही आमच्या लॅबमध्येसुद्धा कोणी ठेवत नाही,’ गावित म्हणाल्या. पानं उलटता उलटता त्या थांबल्या. ‘ताई, ठिकाणाच्या रकान्यात सगळीकडे “घराजवळ” लिहिलंय.’

‘संध्याकाळी मी घरीच जाते. दुसरीकडे कुठे जाणार?’

‘आणि वेळ प्रत्येक वेळी अकरा मिनिटं.’

‘भाग तापत असेल. थंड झाला की सुटत असेल.’

‘थंडीतही अकरा आणि उन्हाळ्यातही अकरा? पुलाच्या उलट्या बाजूने आलात तर?’

शर्वाणीने आठवून पाहिलं. ‘तेव्हा नाही होत. मला वाटलं, तिकडे चढ नाही म्हणून.’

गावितांनी वही मिटली. ‘चला, चालवून बघू.’

सातच्या सुमारास दोघी निघाल्या. गोदावरीवरचा पूल, मग डावं वळण, दोन गतिरोधक, छोटा चढ. चढ संपता संपता स्टिअरिंग शर्वाणीच्या हातात अलगद डावीकडे झुकलं. गाडी पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून उभी राहिली. ब्रेक बसला.

गावितांनी घड्याळात पाहिलं आणि मग समोर, रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे.

‘इथं कोण राहतं?’

‘मी. तिसरा मजला.’

गावितांनी मान वर करून मजले मोजले.

‘माझं पार्किंग पुढच्या गेटने आहे,’ शर्वाणी म्हणाली. ‘मला वाटायचं, गेटच्या अलीकडे बंद पडते.’

‘ही गाडी आधी कोण चालवायचं?’

‘बाबा. पण ते पंचवटीत राहायचे. इकडे फारसे येत नसत.’

‘ताई, कोरा धातू दोनशे वेळांच्या आत काही धरत नाही,’ गावित हळू म्हणाल्या. ‘आणि इतका घट्ट बसायला दोनशेही पुरत नाहीत.’

दोन वर्षांपूर्वी बाबा न कळवता आले होते. शर्वाणीची मीटिंग चालू होती. दार अर्धं उघडून ती म्हणाली होती, ‘येण्याआधी फोन करत जा ना, बाबा.’ ते डब्यात आणलेली खांडवी दारातच देऊन परत गेले. त्यानंतर त्यांचा रोज फोन येई. ‘कामात आहेस ना?’ ‘हो बाबा, थोडी.’ ‘बरं, चालू दे.’ मागे गाड्यांचे आवाज असत. कुठे आहात, असं तिने विचारलं की म्हणत, जरा बाहेर पडलोय.

तिने पर्समधून मोबाइल काढला आणि बाबांच्या कॉलची यादी उघडली. फोन अजून सगळं साठवत होते. सात एकोणीस. सात वीस. सात अठरा. बोट सरकवत ती खाली जात राहिली.

त्यांनी आधी फोन केला होता. प्रत्येक वेळी.

खट् आवाज झाला आणि ब्रेक सुटला.

‘सवय धोकादायक असेल तर तिला दोष मानता येतं,’ गेटपाशी उतरताना गावित म्हणाल्या. ‘मी तसं लिहिते. क्लेम मंजूर होईल. भाग भट्टीत तापवला, की धातू कोरा होतो.’

‘गाडी नुसती उभी ठेवली तर?’

‘सहा महिन्यांत सैल पडेल.’

‘आणि चालवली तर?’

‘तर हळूहळू तुमचा हात बसेल. धातूला माणूस कळत नाही, ताई. फक्त ताण कळतो.’ त्या खिडकीशी वाकल्या. ‘ती थांबेल तेव्हा तुम्हीही थांबलात, झगडला नाहीत, तर जास्त दिवस टिकेल.’

दहा दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. त्यात दिलगिरीही होती. खैरनारांनी फोन केला, ‘अभिनंदन, मॅडम. हेड ऑफिस हरलेलं मी पहिल्यांदा पाहतोय. गाडी कधी आणताय?’ शर्वाणी म्हणाली, कळवते. पत्र तिने डॅशबोर्डच्या खणात ठेवलं.

आता ती रोज पुलावरूनच येते. चढावर हात सैल सोडते, मागच्या गाड्यांना इंडिकेटर देते, भिंतीपाशी थांबते. तिथून तिसऱ्या मजल्यावरची तिची खिडकी नीट दिसते. बाबा पाहत तेव्हा तिथे दिवा असे. आता खिडकी अंधारीच असते, कारण दिवा लावणारी खाली बसलेली असते.

वही तिने बंद केली नाही. पावसाळाभर प्रत्येक ओळीत अकरा होते. दसऱ्याच्या सुमारास एकदा बारा झाले. तिला वाटलं, घड्याळ बघताना चूक झाली. त्या दिवसांत ब्रेक सुटल्यावरही ती थोडी बसून राहू लागली होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

आज ब्रेक चौदा मिनिटांनी सुटला. तिने वहीत चौदा लिहिले. त्यातले बाबांचे कोणते आणि आपले कोणते, हे सांगू शकेल असं आता कुठेच काही नव्हतं.