टिब्बोच्या आत

अंकुश मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी मरत होते. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

मे महिन्यातली दुपार. हिंगणघाटच्या आमच्या टॉकीजच्या आवारात बाराच्या शोची गर्दी लोटली होती आणि मी एका नारिंगी पाणमांजराच्या आत उभी होते. टिब्बो त्याचं नाव. जाड केसाळ अंग, गळ्यात हिरवा मफलर, कोहळ्याएवढं डोकं. तोंडाच्या जागी काळी जाळी, तिच्यातून मला जग दिसायचं. लेकरं माझ्या पोटाला मिठ्या मारत होती, आया फोटो काढत होत्या... आणि आतली हवा संपत आली होती.

मी मानेमागची चेन ओढली. सरकली नाही. पुन्हा ओढली. अडकली होती.

मी हात झाडले, पाय आपटले. लेकरं खिदळली. कुणीतरी ओरडलं, "पाहा, पाहा, उंदीर कसा नाचून राह्यला!"

तेवढ्यात जाळीच्या अगदी जवळ एक आवाज आला. शांत, दबका. "हा नाचत नाई... दादा, दम घुटून राह्यला का? तसं असन तर माहा हात दाबा."

मी जीव खाऊन हात दाबला.

त्यानं मला गर्दीतून ओढत तिकीटखिडकीमागच्या खोलीत नेलं. खिशातून बारीक पेचकस काढून चेनचा दात वर उचलला. डोकं निघालं. कूलरचा वाळ्याचा गार वारा माझ्या ओल्या चेहऱ्यावर आला आणि मी जमिनीवर बसून धाय मोकलून रडायला लागले.

तो दोन पावलं मागे सरला. "अरे... मले वाटलं, दादा हाय."

"पाणी," एवढंच मी म्हणू शकले.

त्यानं बाटली दिली, आणि मी पिऊन होईपर्यंत तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिला. रडणाऱ्या मुलीकडे टक लावून बघायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे! मला तिथेच तो आवडला. पण ते कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

मी नऊ वर्षांची असताना बाबांच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीवर खेळत होते. पाय खचला आणि मी आत गेले. पांढरं, मऊ, गरम... नाकात, तोंडात, डोळ्यांत कापूस. बाबांनी वेणीला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून तोंडावर काही आलं की मी घाबरते. पांघरूणसुद्धा मी गळ्यापर्यंतच घेते.

तरी टिब्बोच्या आत का शिरले? टिब्बोवर सिनेमा आला होता. त्याच्या प्रचारासाठी नागपूरहून पोशाख आला, पण तो घालणारा मुलगा आलाच नाही. पोशाख बसणारी बुटकी मीच. मॅनेजर कवडूभाऊ म्हणाले, "पौर्णिमा, पंधरा दिवसांचा प्रश्न हाय. नाई जमत असन तर सांग, दुसरी पोरगी पाहतो." तिकीटखिडकीवरची ही नोकरी माझी मी मिळवली होती. ती गेली तर घरात चंद्रपूरचं स्थळ तयारच होतं. मी हो म्हणाले. काम काय होतं ते घरी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. बाराच्याच शोला. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"इतका आवडला पिक्चर?" मी टिब्बोचं डोकं काखेत धरून विचारलं.

"छे! बेकार हाय."

"मग तीनदा काऊन पाहिला?"

"खरंच बेकार हाय का... थे पक्कं करून घेतो." असं म्हणून तो बुटांकडे बघत हसला.

त्याचं नाव अंकुश. बसस्टँडमागे त्याचं मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. घर जाम गावाजवळच्या खेड्यात. लहानपणी मामानं नागपूरहून व्हिडिओ गेम आणला होता, त्या डब्यावर हा टिब्बो होता.

"त्या काळ्या डब्याले चेहरा कुठी होता?" तो सांगायचा. "वायरी अन् बटनं. लेकरू कशासाठी हट्ट करन? म्हनून कंपनीनं हा बनवला. आम्ही गेम मागतच नव्हतो, टिब्बो मागत होतो."

"मग पिक्चर काढला तर तुझं काय बिघडलं?"

"गेममंधी थो एक शब्द बोलत नाई! आपनच टिब्बो असतो ना... आपल्या बदल्यात थो कसा बोलन? अन् इथं? दोन घंटे नुसती टकळी. अन् भुयार तर काढूनच टाकलं."

"कसलं भुयार?"

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. "राहू दे. तुले भेव लागन."

मला राग आला. आणि रागाच्या भरात मी त्याच्या दुकानात गेले.

शटर अर्धं वर होतं. जुन्या टीव्हीवर त्यानं तो गेम लावून दिला. टिब्बो पाण्यात उतरला, काळ्या भुयारात शिरला. वरच्या कोपऱ्यात दहा बुडबुडे होते. एक फुटला, दुसरा फुटला. दहा संपले की टिब्बो मरतो. चार उरले तेव्हा माझाच श्वास बंद झाला. हातातल्या रिमोटची बटणं मी नुसतीच दाबत सुटले.

"बंद कर... अंकुश, बंद कर!"

त्यानं बंद नाही केलं. माझ्या बोटांवर अलगद बोटं ठेवली. "डावीकडे घे. भिंतीले लागून. तिथं हवा हाय, पन दिसत नाई. मले सापडायले आठ दिवस लागले होते."

डावीकडे खरोखरच एक फट होती. टिब्बोनं डोकं वर काढलं. बुडबुडे भरले. मीही श्वास सोडला... आणि त्याचा हात माझ्या हातावरून निघाला नव्हता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"पिक्चरवाल्यांनी हेच काढलं," तो हळूच म्हणाला. "लेकरं भेतीन म्हने."

"बरं केलं," मी म्हणाले. "मी तर पाहूच शकली नसती."

"पन वर आल्यावर कसं वाटलं?"

मी उठले. चप्पल घातली आणि निघाले. बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं, आणि मी कुणी बघितलं का म्हणून मागे वळून वळून बघत होते.

कारण बघणारे खूप होते. मी बौद्ध घरची, तो पिढ्यान्‌पिढ्या गावात असलेल्या शेतकरी घरचा. आमच्याकडची माणसं एकमेकांच्या लग्नात जेवायला जातात, एकमेकांच्या घरात लग्न मात्र करत नाहीत. माझा भाऊ धम्मदीप तर बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला. रोज घरी आला की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे... कळलं का? आज कळलं का?

अंकुशनं टिब्बोच्या डोक्यात एक छोटा पंखा बसवून दिला. चेनला आतून ओढता येईल अशी दोरी बांधली. "आता कोणाची वाट पाहायचं काम नाई. तू तुझी निघू शकतं," तो म्हणाला. प्रेमाचं बोलणं म्हणून कुणी हे वाक्य लिहिणार नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही.

शेवटचा रविवार आला. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. सात-आठ पोट्टे दुपारपासूनच माझ्याभोवती घुटमळत होते. आधी शेपटी ओढली. मग पाठीवर थापा पडल्या. "उंदराले पाडा रे!" एकानं मागून कंबर आवळली. एकानं डोकं धरून खाली दाबलं, दुसरा पाठीवर बसला. मी गुडघ्यांवर पडले. पंख्याचा आवाज बंद झाला. जाळीला माती लागली आणि समोर सगळं काळं झालं.

पांढरं असतं तर तोच कापूस होता...

ओरडले, पण त्या डोक्यातून आवाज बाहेर जात नाही. कुणाचा तरी हात पोशाखावरून फिरत होता, जिथे फिरू नये तिथे. आत कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. की माहीत होतं? त्या विचारानं माझं अंग गार पडलं, त्या उन्हात.

मी दोरी ओढली. टिब्बोचं डोकं दोन्ही हातांनी उपटून काढलं आणि समोरच्याच्या छातीवर फेकून मारलं.

"हात लावून पाहा आता!"

माझे केस तोंडाला चिकटलेले, नाकातून रक्त. लेकरं रडायला लागली, टिब्बोचं मुंडकं निघालं म्हणून. आणि दहा-बारा मोबाइल वर आले. अंकुश गर्दी चिरत आला, माझ्या आणि त्यांच्या मधे उभा राहिला. एकानं त्याच्या कानाखाली मारली. त्यानं उलट मारलं नाही, तो हललाही नाही. फक्त मागे हात करून माझा हात धरला.

पोट्टे पळाले. पण व्हिडिओ थांबला नाही. संध्याकाळपर्यंत तो साऱ्या गावात पोचला होता. त्यात मी होते, तो होता, आणि धरलेला हात होता.

घरी आई चुलीपाशी. धम्मदीप भिंतीला टेकून. बाबांनी व्हिडिओ दोनदा बघितला.

"त्या डोक्यात शिरली होती तू?" बाबांनी विचारलं. "पंधरा दिवस?"

"हो."

"कापसात पडली तवापासून तू पांघरूण घेत नाई..." त्यांचा आवाज बसला. मग त्यांनी विचारलं, "अन् हात धरला थो पोरगा कोण?"

मी नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. बाबा उठून बाहेर गेले.

अंकुशचा फोन बंद. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी दुकानाचं शटर खाली, कुलूप. शेजारचा म्हणाला, "बापानं गावाले नेलं. फोनही घेतला म्हने."

मी काय करावं? मला एकच माहीत होतं, वाट बघत राहिले तर माझा श्वास संपेल. मी जामची बस धरली. तिथून पायी निघाले, ओढणी डोक्यावर घेऊन, पण तोंड उघडं ठेवून.

घर विचारत विचारत पोचले. अंगणात अंकुशचे वडील, रूपराव, बाजेवर बसले होते. उंच, पांढऱ्या मिशा, हातात पंख्याची जुनी मोटर. त्यांनी मान वर केली आणि मला वाटलं, इथूनच परत पळावं.

"कोण पाह्यजे?"

"अंकुश आहेत का?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तूच का थे... उंदीर?"

"पाणमांजर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

दारात जयवंताबाई आल्या, अंकुशची आई. त्यांच्यामागे अंकुश. गालावर अजून काळं-निळं. मला बघून त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"एकटी आली?" रूपरावांनी विचारलं.

"हो."

"भेव नाई लागलं?"

"लागलं," मी म्हणाले. "आताही लागून राह्यलं. पण तुमच्या पोरानं माझ्यासाठी मार खाल्ला. त्याचा गाल कसा आहे, थे पाहायले आली."

कुंपणावर एक साळुंकी ओरडत होती. जयवंताबाई आत गेल्या आणि मला वाटलं, दार लावतील. पण त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या माझ्या हातात दिला, बाजूला ठेवला नाही. तेव्हा मला रडू आलं.

रूपराव उठले. "मले हे पसंत नाई," ते मोटरकडे बघत म्हणाले. "सांगून ठेवतो. गाव काय म्हनन, माह्या भावकीत काय होईन, मले माहीत हाय. तुमाले नाई." मग त्यांनी खिशातून अंकुशचा फोन काढला आणि बाजेवर ठेवला. "ऊन हाय. पोरीले जामपर्यंत सोडून ये. येजो लवकर."

आम्ही रस्त्यानं चाललो. दोघांमध्ये एक हाताचं अंतर. मागे घराघरांतून डोळे.

"मी येनार होतो," अंकुश म्हणाला. "रोज ठरवत होतो... पन तुझ्या बाबाच्या समोर उभा राहायचं म्हनलं की पायच उचलेना."

"अन् माझे उचलले?"

"तू वेगळी हाय."

"वेगळी नाई. मीही भेली. रस्ताभर भेली."

जामला बस उभी होती. ड्रायव्हर चढत होता. अंकुश थांबला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पौर्णिमा... मले तू आवडते. म्हंजे... पह्यल्या दिवसापासून. पिक्चर मी सहादा पाह्यला, बापा!"

मी हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. "मलाही तू आवडतं," मी म्हणाले. "पण हे इथं सांगून काय उपयोग? माझ्या बाबाले कवा सांगतं?"

"पुढच्या आठवड्यात? थोडं वातावरण..."

मी बसमध्ये चढले. खिडकीशी बसले. खाली तो तसाच, रबरी चपला, गालावर निळा डाग. घंटी वाजली. बस हलली. हे असंच राहणार, असंच, आठवडा आणि मग आणखी एक आठवडा...

बस थांबली. कंडक्टर दारातल्या कुणावर तरी खेकसला. आणि अंकुश धापा टाकत आत आला, सीटांना धरत धरत, आणि माझ्या शेजारी बसला.

"तुझे बाबा... लय रागीट हायेत का?"

"मले नाई माहीत," मी खरं तेच सांगितलं. "तीन दिवस झाले, बोललेच नाई."

त्यानं मान हलवली. डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं. अंकुशनं खिसे चाचपले. पाकीट घरीच राहिलं होतं. मी पर्स उघडली.

"एक फुल, एक हाफ," मी म्हणाले. "हिंगणघाट."