कानात सांगितलेलं

आमच्या डबिंग स्टुडिओत बसायला एकच धड खुर्ची आहे आणि ती माझी. कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सकाळी तिच्यावर एक माणूस बसला होता. साठीचा, दाढी वाढलेली, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, डोळे मिटलेले.

"उठा," मी म्हटलं.

त्यानं एक डोळा उघडला. "आपली आहे का?"

"नसती तर उठवलं असतं का?"

तो उठला. उठताना गुडघ्यावर हात ठेवून "आई गं…" म्हणाला, अगदी मी म्हणते तसंच. मला हसू आलं, ते मी गिळलं. पहिल्याच भेटीत हसू नये बाईनं, पुढं महागात पडतं.

परदेशी मालिका आपल्या भाषेत येतात ना, त्यातल्या म्हाताऱ्या माझ्या आवाजात बोलतात. सासवा, चेटकिणी, राजमाता, सगळ्या मीच. शाळा मी चौथीत सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही; पण पडद्यावर ओठ हलत असताना कागद वाचणं मला जमत नाही. म्हणून काचेपलीकडून कुणीतरी ओळ वाचतं, ती हेडफोनमधून माझ्या कानात येते आणि तोंडातून बाहेर पडते. मधे डोक्याला त्रास नाही. नवरा गेल्यावर पोरं मी यावरच वाढवली. जुना ओळी सांगणारा सोडून गेला होता, त्याच्या जागी हा टोपीवाला आला होता.

त्यानं पहिली ओळ वाचली आणि मी बोलायचंच विसरले.

"बाई? काय झालं?" रेकॉर्डिस्टनं विचारलं.

"काही नाही. पुन्हा घे."

आवाजच तसा होता… दमलेला, पण ऊब असलेला. दिवसभर तापलेल्या भिंतीला संध्याकाळी पाठ टेकावी तसा.

मालिकेतली म्हातारी एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या प्रेमात पडली होती. म्हणजे रोज सकाळी हा गृहस्थ माझ्या कानात म्हणणार, "तुम्ही आलात की दुपार लवकर संपते…" आणि मी ते त्या परक्या बाईच्या तोंडी घालणार. या वयात, आणि तेही चहाच्या आधी.

एकदा कानात आलं, "आज डोळे सुजलेत. झोप झाली नाही का?" मी तेही म्हणून टाकलं, चांगली भावना ओतून. रेकॉर्डिस्ट टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला.

"हे कागदावर होतं?" मी विचारलं.

"नव्हतं," टोपीवाला म्हणाला. "चुकून निघालं…"

"जपून काढत जा. माझं तोंड विचारत नाही, कानात पडलं की बोलतं."

"मग उत्तरही द्या. झोप का नाही झाली?"

"गुडघे."

"कुठला?"

"दोन्ही. तुमचा?"

"डावा."

"मग तरुण आहात अजून."

माइकचं बटण सोडून तो हसला. काचेतून हसू ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. ते जास्त वाईट.

मग काम संपल्यावर तो बसपर्यंत सोबत यायला लागला, आणि एकदा रिमझिम होती म्हणून छत्री धरून थेट घरापर्यंत. दारात त्यानं टोपी काढून माझ्या सुनेला नमस्कार केला. सुनेनं नमस्कार घेतला नाही.

तो गेल्यावर तिनं फोन माझ्यापुढं धरला. "आई, हा कोण आहे ते बघा."

मोठा दिग्दर्शक निघाला. त्याच्या सगळ्यात नावाजलेल्या सिनेमात एक पोरगी बंद खोलीचं दार बडवते, "उघडा" म्हणून ओरडते. त्या ओरडण्याला बक्षिसं मिळाली होती. आणि आता इतक्या वर्षांनी त्या पोरीनं सांगितलं, की ते ओरडणं खरं होतं. तिला न सांगता बाहेरून कडी घातली होती. झालं, लोक उठले. थिएटरांनी त्याचे सिनेमे उतरवले, हातातला सिनेमा अर्ध्यावर बंद पडला. याला आता इंग्रजी नाव आहे म्हणे. आम्ही वाळीत टाकणं म्हणायचो. आणि तेव्हाही टाकणाऱ्यांतले निम्मे काल त्याच्याच ताटात जेवलेले असायचे.

"तो तुमच्या मागं का फिरतोय, तेही कळेल," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं. "कडी कुणी घातली?"

"मी घालायला लावली. पण ती ओरडायला लागली तेव्हा मला वाटलं, अभिनय करतेय."

सरळ बोलला. जरा जास्तच सरळ. पण शंका घ्यायलाही अंगात ताकद लागते, आणि मी दमले होते. एकटेपणानं दमले होते म्हणा हवं तर.

थोड्याच दिवसांत सुनेचं खरं झालं. टोपीवाला मान खाली घालून म्हणाला, "निर्माता बंद सिनेमा पुन्हा सुरू करायला तयार आहे. पण या धंद्यातल्या एखाद्या जुन्या, मानाच्या बाईनं कॅमेऱ्यासमोर माझ्याबद्दल चार शब्द बोलायला हवेत… तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

"चालेल म्हणजे काय होईल?"

"सिनेमा जाईल. मी येत राहीन."

"आणि हो म्हटलं, सिनेमा मिळाला, तर येत राहाल?"

"येईन," तो म्हणाला. पण मधे जरा थांबला. ते थांबणं मला आवडलं नाही. तरी हो म्हटलं.

"हात दाखवून अवलक्षण," सून म्हणाली.

"हात माझा आहे," मी म्हटलं.

निर्मात्याचा माणूस कॅमेरा घेऊन आला. मजकूर त्यानंच लिहून आणला होता. कॅमेऱ्याकडे बघत वाचणंही मला जमत नाही, तेव्हा ओळी सांगायला काचेपलीकडे टोपीवालाच.

"मी या धंद्यात आयुष्य घालवलं," कानात आलं. मी म्हटलं.

"यांच्यासोबत मला कधी भीती वाटली नाही." तेही म्हटलं. खरंच होतं ते.

मग कानात काहीच आलं नाही. काचेपलीकडे त्यानं टोपी काढून ठेवली होती. कागद हातात होता, पण तो कागदाकडे बघत नव्हता.

"मला कळलं होतं," कानात आलं.

"मला कळलं होतं," मी म्हटलं.

"ती खरंच घाबरली होती."

"ती खरंच घाबरली होती." जीभ पुढं निघून गेली होती, डोकं मागून धापा टाकत आलं. निर्मात्याच्या माणसानं थांबा म्हणून हात वर केला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मी कॅमेरा बंद केला नाही… कारण ते चांगलं दिसत होतं."

हे मी सवयीनं नाही म्हटलं. समजून, सावकाश म्हटलं, त्या पोरीला नीट ऐकू जाईल असं.

"पुसा हे," निर्मात्याचा माणूस म्हणाला.

"पुसू नका," टोपीवाल्याचा आवाज आला. "आधी तिला पाठवा. मग कुणालाही."

बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो.

"माझ्याशीही खोटं बोललात," मी म्हटलं.

"सगळ्यांना तेच सांगत होतो. सांगून सांगून पाठ झालं होतं."

"मग आज काय झालं?"

"तुम्ही म्हणालात, माझ्यासोबत भीती वाटली नाही. मनापासून म्हणालात. त्याच तोंडात पुढची ओळ घालायला… नाही जमलं."

समोरून पाणी उडवत गाड्या जात होत्या. माझी चप्पल भिजली होती.

"मी रागावलेय तुमच्यावर," मी म्हटलं. "हा राग दोन दिवसांचा नाही. ती पोरगी माझ्या डोक्यातून जायची नाही आणि मी घालवणारही नाही. कुणी तुम्हाला बोललं तर तुमची बाजू घेणार नाही."

"नका घेऊ."

"सिनेमा गेला. इथलं कामही जाईल."

"जाऊ दे."

"आणि मला आवडता तुम्ही. ही एक कटकट होऊन बसलीय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं… मी रस्त्याकडे. तेवढ्यात बस आली. मी दांडी धरून वर चढले, मागं वळले, तर हा तसाच उभा.

"चढा. सुनेची बोलणी एकटीनं खायचा मला कंटाळा आलाय."

तो चढला. घर येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. हात मात्र त्यानं धरला, तो काढून घेतला नाही.