चार पॉइंट दोन

तो पहिल्यांदा आमच्या हत्यारांच्या दुकानात आला तेव्हा मी पाने-पकडी पुसत बसले होते. त्याने काउंटरवर एक मोडका टॅप ठेवला.

"पाच एमएमचा टॅप द्या. म्हणजे... अजून एक."

टॅप म्हणजे लोखंडातल्या भोकात बोल्टसाठी आटे पाडायचं हत्यार. कडक, पण जरा जास्त जोर लावला की कटकन मोडणारं. बाबा म्हणतात, अगदी माझ्यासारखं. बाबांना काय, दुकान त्यांचं!

त्याच आठवड्यात स्वारी पुन्हा हजर. मग पुन्हा.

"टॅप खाता की काय हो तुम्ही?" मी न राहवून विचारलं.

तो हसला. कानाच्या पाळीला ग्रीस लागलं होतं, ते बघून मलाही हसू आलं.

"कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. दोघांची सायकल बनवतोय. पुढे एक सीट, मागे एक."

"अय्या! मागची कोणासाठी?"

"ते... बघू," म्हणत तो उगाच ड्रिलचा डबा न्याहाळू लागला. असणारच कुणीतरी!

त्याचे टॅप का मोडतात, हे मला केव्हाच कळलं होतं. सांगितलं की मोडायचे थांबणार, आणि त्याचं येणंही थांबणार. म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. पण त्याची ती बिचारी सायकल... आणि चूक दिसली की मला गप्प बसवतच नाही.

"भोक कितीचं पाडता?"

"चारचं. जितकं घट्ट, तितके आटे मजबूत. नाही का?"

"मुळीच नाही! पाचातून दोन आट्यांमधलं अंतर वजा करा, पॉइंट आठ. उरले चार पॉइंट दोन. तेवढंच भोक पाडायचं. टॅपला हलायला जागा नको? इतकीशी जागा सोडली तरी आटे भक्कमच राहतात. आणि जास्त सोडलीत, तर बोल्ट आवळताना आटेच सोलून निघतील."

"म्हणजे फार आवळूनही चालत नाही, फार सैल सोडूनही नाही..."

"मी टॅपबद्दल बोलतेय."

"मीपण," तो म्हणाला. पण बघत माझ्याकडे होता!

तेल घाला, थोडं फिरवलं की अर्धा फेरा उलटा घ्या, असं सगळं सांगून मी त्याला चार पॉइंट दोनचं ड्रिल दिलं. तो गेला... आणि गेलाच. दाराशी पाऊल वाजलं की माझी मान वर. बाबा आतून म्हणायचे, "गिऱ्हाईक सुधारलं वाटतं!" मला त्यांचा असा राग यायचा!

मग एका दुपारी तो आला. काउंटरवर मोडक्या टॅपचे दोन तुकडे ठेवले. मला इतका आनंद झाला की लपवता लपवता पुरेवाट झाली.

"चार पॉइंट दोनचंच भोक पाडलंत?"

"हो."

"तेल?"

"घातलं."

"मग मोडला कसा?"

"...मोडला."

मी तुकडे उचलून पाहिले. कोरडे, लखलखीत. तेलाचा थेंब नाही, लोखंडाचा कीस नाही.

"अहो, टॅप मोडला की खालचा तुकडा भोकातच अडकतो. काढताना नाकी नऊ येतात. आजवर तुम्ही वरचाच तुकडा आणायचात. आज दोन्ही कसे?"

त्याचे कान लालेलाल.

"वाइसच्या जबड्यात आवळून धरला... आणि हातोडी घातली."

"काय? चांगल्या टॅपवर?"

"सायकल झाली ना! एकही मोडला नाही. मग यायला निमित्त काय उरलं?"

मी ते दोन तुकडे काउंटरवर एकमेकांना जुळवून पाहू लागले.

"सायकल करायला घेतली तेव्हा मागे कोण बसणार, माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "दुसरा टॅप मोडला तेव्हा कळलं. तुम्ही आवडता मला... याल?"

"अगं जा," आतून बाबा. "दुकान बघतो मी. नाहीतर हा सगळे टॅप मोडून ठेवील!"

मी गेले. जाताना पाना मात्र बरोबर घेतला. मागच्या सीटचा एकेक बोल्ट तपासला. एकही जागचा हलला नाही. तो श्वास रोखून उभा होता.

मग मी सीटवर बसले.

"तूही आवडतोस मला," मी म्हणाले. "आता पॅडल मार."