सातपर्यंत हात

"थांबा!"

मला वाटलं, मलाच म्हणतोय. मी थांबले. हातात शिवून इस्त्री केलेल्या कपड्यांचं गाठोडं, आणि पुढे माझा कुत्रा, मुकादम... तांबूस, छाती काढून चालणारा, शेपटी अशी वर, जणू मिरवणुकीतलं निशाण! गल्लीत नवा रस्ता होत होता. पिवळी टोपी घातलेला तो साहेब धुळीतून पुढे आला.

"तुम्ही जा हो. तुमच्या पायात चपला आहेत. त्याच्या पायात काय आहे?"

"चार वर्षं गिऱ्हाइकांकडे माझ्याबरोबर येतोय तो. त्याला चालायला शिकवू नका!"

"त्याला कुठे शिकवतोय?" तो गालात हसला. गुडघ्यावर बसला आणि उन्हात तापलेल्या काळ्याभोर रस्त्यावर हात उलटा टेकवला. "एक... दोन... ती—" झटकन उचलला. कातडी लालबुंद! "सात म्हणेपर्यंत हात टिकला तर कुत्र्याला न्यायचं. नाही टिकला तर घरी ठेवायचं. तोंडानं सांगणार नाही तो. तुमच्या मागे जळत्या पायांनी येईल."

मी मुकादमला घेऊन मागे फिरले, आणि वाटेत त्याचा पंजा उचलून पाहिला. काळा, मऊ... बाळाच्या गालासारखा.

दुसऱ्या दिवसापासून मी उंबऱ्याबाहेर येऊन रस्त्याला हात लावायची आणि पलीकडून तो विचारायचा, "किती?"

"चारच."

"वा!"

"वा काय त्यात?"

"मुकादम घरी, म्हणजे गाठोडं धरायला कुणीतरी हवं ना..."

आणि कोपऱ्यापर्यंत तो गाठोडं धरायचा. आई शिलाई मशिनवरून मान वर न करता म्हणायची, "रस्ता बाहेर होतोय, आणि वर्दळ वाढलीय आपल्या दारात."

त्याचा हा पहिलाच रस्ता होता. कापडावरून फिरवावा तसा तो त्यावरून हात फिरवायचा. "उतार बघा... थेंब थांबणार नाही पाण्याचा."

"शिवण सरळ आहे," मी म्हणायचे, आणि त्याचे कान लाल व्हायचे.

महिनाभर मुकादम पायरीवर बसून ते काम बघत होता. म्हणून पिवळ्या टोपीवाल्यानंच ठरवलं की उद्घाटनाला पहिलं पाऊल मुकादमचं. सकाळी आठला, सगळ्या गल्लीसमोर! मी रात्रंदिवस खपून लाल मखमलीचा पट्टा शिवला. मुकादमनं तो घातला आणि मान अशी वळवली, की मलाच हसू आवरेना.

पाहुणे आले सव्वाबाराला.

पांढऱ्याशुभ्र शर्टात तो धावत दाराशी आला. "चला, चला! मोठे साहेब वाट बघतायत. मुकादमला आणा."

माझा हात आताच रस्त्याला लावून झाला होता. "तीन," मी म्हणाले.

"अहो, दोन मिनिटांचं तर काम..."

"तुम्ही टेकवा हात."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

मागून कुणीतरी हसलं, "काय हो शिलाईवाल्या बाई, कुत्रा आहे की नवरदेव?" दाराआड मुकादम पट्टा सावरत कुईं-कुईं करत होता. त्याला मिरवताना बघायची हौस माझीच जास्त होती ना! पण कडी मी हातानं घट्ट धरली.

"त्याची छाती फुगलेली मला बघायचीय. तळवे फुगलेले नाही."

तो मग त्या पांढऱ्या शर्टानिशी सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसला. "एक... दोन..." हात उचलला आणि तसाच सरळ माइककडे गेला.

"मुकादम आत्ता येणार नाही. मानाचं पाऊल संध्याकाळी पडेल. चूक माझी आहे. जे मी शिकवलं, ते माझ्या रस्त्याच्या तोऱ्यात मीच विसरलो. त्या नाही विसरल्या."

"अहो, एका कुत्र्यासाठी?" मोठे साहेब कुरकुरले.

"हो साहेब. रस्ता चालणाऱ्यासाठीच असतो ना?"

सगळी गल्ली माझ्याकडे वळून बघत होती. मी मान खाली घातली नाही. का घालू? पाहुण्यांनी फीत कापली, गाडीत बसले आणि गेले. रस्त्यावर पाय काही कुणी टेकवला नाही.

ऊन उतरलं. वारा सुटला. तो आला... टोपी नाही, तोरा नाही. दोघं शेजारी बसलो, दोन हात उलटे, रस्त्यावर.

"पाच... सहा... सात!"

मी कडी काढली. मुकादम निघाला. लाल पट्टा, निशाणासारखी शेपटी, नखांची टिकटिक... दारादारातून टाळ्या! दुपारी हसणारा सगळ्यात जोरात वाजवत होता. माझा ऊर भरून आला. मी पुन्हा खाली बसले, हात टेकवला. रस्ता कोमट होता. शेजारी त्याचा हात तसाच होता.

"आठ," तो हळूच म्हणाला.

"सातपर्यंतच असतं ना?"

"ते कुत्र्याचं."

"आणि... हे?"

"पुढचं काम लांब आहे. पण रोज सकाळी इथूनच निघेन म्हणतो. तुमच्या... तुझ्या दारातून."

"आईला विचारलंत?"

"विचारलं. म्हणाल्या, कडी तिच्या हातात आहे."

रस्त्याच्या टोकाशी मुकादम वळून उभा राहिला होता. छाती काढून, आमची वाट बघत.

"नऊ," मी म्हणाले. हात तिथंच ठेवला.