मंदाताईंचे नादकोश

"गरम घेणार की गार?" मंदाताईंनी विचारलं.

"हो," ऋजुता म्हणाली.

मंदाताई बोरस्ते रिकामा कप हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. गंगापूर रोडवर कॉफीघर चालवून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती आणि गिऱ्हाइकांच्या तऱ्हा त्यांना नव्या नव्हत्या. पण ही मुलगी तर राज्यसेवेची मुख्य परीक्षा पास झालेली! त्यांनी गरम कॉफी दिली आणि विषय सोडून दिला. ऋजुता आहेर कप सांभाळत जवळजवळ पळतच आपल्या टेबलाशी गेली आणि तिने कडेचं बटण दाबलं. कॉफीच्या यंत्राची फुसफुस, कपबश्यांचा खणखणाट, गप्पा, सगळं एकदम थांबलं.

नादकोश नाशिकला येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. टेबलाच्या कडेत मोहरीएवढे ध्वनिग्राहक आणि ध्वनिक्षेपक बसवलेले असत. बाहेरून येणारी आवाजाची प्रत्येक लहर ते टिपत आणि तत्क्षणी तिच्या बरोब्बर उलटी लहर सोडत. दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकत. खोलीत चाळीस माणसं असली तरी टेबलाशी बसलेल्याला फार तर स्वतःचा श्वास ऐकू येई. घरातला टीव्ही आणि अभ्यासिकेतले खोकणारे यांना कंटाळलेली सगळी अभ्यासू मंडळी मंदाताईंकडे लोटली. माणसांत बसल्यासारखंही वाटे आणि माणसांचा त्रासही नसे.

तिथला एक शिष्टाचारही आपोआप ठरून गेला होता. कुणाशी बोलायचं असेल तर त्याच्या टेबलावर दोनदा टकटक करायची. लाकडातून तो धक्का हाताला जाणवे, आणि मनात असेल तर तो माणूस कोश उघडी. मात्र ज्याची परीक्षा जवळ आली आहे त्याच्या टेबलावर टकटक करायची नाही. मंडळी सभ्य, त्यामुळे नियम कसोशीने पाळला जाई. तिथे प्रत्येकाचीच कुठली ना कुठली परीक्षा कायम जवळ आलेली असे, हा भाग वेगळा. गेल्या वर्षभरात ऋजुताच्या टेबलावर कुणी टकटक केली नव्हती. आपण कुणाला आवडत नाही, अशी तिने मनाची समजूत घालून घेतली होती.

आज मात्र कोशातही तिला अभ्यास सुचेना. मुलाखत अकरा दिवसांवर होती आणि कालच्या सराव मुलाखतीत तिची पार दाणादाण उडाली होती. समोर चार जण, वर पंखा, बाजूच्या खोलीत कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. प्रश्न विचारणाऱ्यांचे ओठ हलत होते, आवाजही कानावर पडत होता, पण त्यातून वाक्य काही निघत नव्हतं. पाणी नियोजनाबद्दल विचारलं असावं असं धरून ती पाच मिनिटं बोलली. प्रश्न तिच्या गावाबद्दल होता. चार वर्षांचा अभ्यास झाला आणि नेमकं आताच आपण बहिऱ्या होतोय, या भीतीने तिने रात्रीच कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती.

दुपारी ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर शुभदा निकम यांनी तासभर तपासण्या केल्या.

"कान ठणठणीत आहेत तुमचे."

"मग मला लोकांचं बोलणं कळत का नाही?"

"पंखा, गाड्या, चार जणांची बडबड, यातून आपल्याला हवा तो आवाज वेगळा काढायचा, हे काम कान करत नाही. मेंदू करतो. चाळणी आहे असं समजा. ती सतत वापरात ठेवावी लागते. नादकोशात किती वेळ बसता?"

"रोज नऊ तास. दोन वर्षं झाली."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे दोन वर्षं तुमच्या वाटचं चाळायचं काम टेबल करतंय."

"परत येईल ना ते? अकरा दिवसांवर मुलाखत आहे माझी."

"येतं बहुतेक. गोंगाटात बसा, माणसांशी बोला. अकरा दिवसांत किती येईल, ते मात्र नाही सांगता यायचं."

रोज माणसं दिसत ती जागा तिला एकच ठाऊक होती. ती तशीच कॉफीघरात परतली. "ताई, माझा कोश बंद करून द्या."

मंदाताई काहीतरी म्हणाल्या. ऋजुताने त्यांना तेच तीनदा बोलायला लावलं, तेव्हा कुठे तिला कळलं.

"अगं, तुझ्या एकटीचा नाही बंद होत! सगळी टेबलं एकमेकांना जोडलेली आहेत. शेजारच्यांच्या लहरी तुझ्या अंगावर येतील आणि डोकं फुटायची पाळी येईल. बंद करायचं तर सगळंच. ते मी परस्पर नाही करणार बाई. तूच विचार त्यांना."

म्हणजे अकरा टेबलांवर टकटक करायची, तीही सगळ्यांच्या परीक्षा तोंडावर असताना! ऋजुताने दोनदा वही उघडली आणि मिटली. शेवटी ती शेजारच्या टेबलाशी गेली. तिथे सुजय गांगुर्डे न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. दोन वर्षांत दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तिने दोनदा टकटक केली. तो दचकला आणि त्याने कोश उघडून तिला आत घेतलं.

"सॉरी, तुझी परीक्षा आहे माहितीये मला," असं म्हणून तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

सुजय हसला नाही. "माझी आई भाजी घेता घेता फोन करते," तो हळूच म्हणाला. "सहा महिने झाले, मला तिचं काही कळत नाही. मी नुसतं हो हो म्हणतो. मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय."

ऋजुताला रडूच कोसळलं. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"आणि एक सांगू? निकालाच्या दिवशी तुझं अभिनंदन करायला आम्ही सहा जण उभे होतो. पण म्हटलं, आता मुलाखत आहे, नको टकटक करायला."

"गाढव आहात सगळे," डोळे पुसत ती म्हणाली.

मग दोघं मिळून बाकीच्या टेबलांवर गेले. अकरांपैकी नऊ टेबलांवर तीच कहाणी निघाली. प्रत्येकाने ती लपवली होती आणि प्रत्येक जण माना डोलावून वेळ मारून नेत होता. संध्याकाळी मंदाताईंनी मुख्य बटण बंद केलं, तेव्हा गोंगाट असा अंगावर आला की मंडळींपैकी दोन जण कानावर हात ठेवून निघून गेले. बाकीचे बसले.

रोज एकाने ऋजुताला प्रश्न विचारायचा आणि उरलेल्यांनी मनसोक्त गप्पा हाणायच्या, असं ठरलं. मंदाताई गरज नसताना भांडी आपटून हातभार लावत. पहिले तीन दिवस डोकेदुखीशिवाय हाती काही लागलं नाही. पाचव्या दिवशी तिला अर्धं वाक्य सापडलं. नवव्या दिवशी तिच्या पाठीमागे दोघी जणी मिसळीबरोबर पाव किती असावेत यावर भांडत होत्या. ऋजुता वळून म्हणाली, "चार तरी हवेतच!" आणि सगळं कॉफीघर टाळ्या वाजवायला लागलं.

मुलाखतीच्या खोलीत वातानुकूलन यंत्र घरघरत होतं आणि बाहेर कुणीतरी फरशी कापत होतं. पाचपैकी दोन सदस्य आपसांत कुजबुजत होते. अध्यक्ष बाईंनी आवाज अजिबात चढवला नाही.

"तुम्ही अधिकारी झाला आहात. बाळांना शांत झोप लागावी म्हणून तालुक्यातल्या सगळ्या पाळणाघरांत नादकोश बसवायचा प्रस्ताव तुमच्यापुढे आलाय. पालक खूश आहेत, निधीही आहे. सही कराल?"

शब्द न् शब्द कळला! ऋजुताचे खांदे सैल पडले. हसू तिला आवरेना. क्षणभर ती त्याच आनंदात होती आणि मग तिला प्रश्न समजला. तिची हरवलेली चाळणी तिला परत मिळाली होती, कारण ती मुळात तिच्याकडे होती. ती खुर्चीत पुढे सरकली.

"मॅडम, सहीचं नंतर बोलू का? आधी सांगा, ही बाळं अजून बोलायला तरी लागली आहेत का?"