गल्लीच्या तोंडाशी पिवळा कागद

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायची मला हौस नाही. पण खोटंच रचायचं असतं, तर मी त्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

दोन वर्षांपूर्वीची. जकार्ताच्या पूर्वेला, बेकासीच्या कारखान्यांना लागून आमची गल्ली आहे. बुधवार होता. सकाळचे दहा वाजले होते. म्हणजे लख्ख उजेडात सुरू झालं सगळं.

मी घरासमोर टेबल मांडून नारळी भात विकते. गिऱ्हाइकं आटोपली होती, मी भांडी घासत होते. तेवढ्यात गल्लीतल्या बायका एकेक करून फाटकातून आत यायला लागल्या. डोक्यावर ओढण्या, हातात तांदळाच्या पिशव्या. सगळ्यांत पुढे शेजारची बू मारपुआ, रडून डोळे सुजलेली.

तिनं मला मिठीच मारली.

"एन्दाह, माक कधी गेल्या गं?"

माक म्हणजे माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. आणि त्या वेळी आतल्या खोलीत चहात बिस्किट बुडवून खात होत्या.

आमच्याकडे कुणी गेलं की गल्लीच्या तोंडाशी खांबाला पिवळ्या कागदाचा झेंडा बांधतात. तो ज्या घराकडे वळलेला, तिथे तांदूळ घेऊन जायचं. विचारत बसायचं नाही. मी साबणाच्या हातांनीच धावले.

झेंडा होता... आमच्या घराकडे वळलेला.

गोंद अजून ओला होता.

बायका ओशाळल्या, मग हसल्या. गल्लीच्या प्रमुखांनी झेंडा काढला आणि कुणाचा तरी चावटपणा म्हणून सोडून दिलं. मी सोडणाऱ्यातली नाही. माझा संशय तिथल्या तिथे एकाच माणसावर गेला. पाक नासेरीन. बू मारपुआचा नवरा. आमच्याकडे बाईला मानानं बू म्हणतात, पुरुषाला पाक.

त्याचं कारण सांगते. नासेरीननं घरामागे कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, आणि मोटरसायकली लावायला त्याला आमची जागा हवी होती. घर माकच्या नावावर. तीनदा विचारायला आला, तीनदा माकनी नाही म्हटलं. पण माझ्या नवऱ्याच्या दोन्ही भावंडांनी त्याला शब्द दिला होता... माक गेल्या की विकायचं. दोघं एकीकडे, माझा वार्सितो एकटा. म्हणजे माकचा श्वास चालू तोवर आमच्या डोक्यावर छप्पर. मी त्यांना भरवायची, पुसायची, त्यात माया होती. पण भीतीही होती, ती कशाला लपवू?

म्हटलं, म्हातारी धसक्यानं मरावी म्हणून हा उद्योग चाललाय.

पुढच्या बुधवारी मी टेबल उचलून थेट गल्लीच्या तोंडाशीच मांडलं. खांब हाताच्या अंतरावर. पहाटेपासून नजर हटवली नाही. येईल तो पकडायचा, आणि चार लोकांत त्याची शोभा करायची.

दहा वाजता गल्ली रिकामी झाली. मी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवायला वळले. एवढंच. झाकण ठेवलं आणि परत पाहिलं.

झेंडा होता.

कुणी आलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं. पावलांचा आवाज नाही, मोटरसायकलचा नाही. गटाराकाठच्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या होत्या...

राग भीतीपेक्षा मोठा होता. मी तो झेंडा घेऊन कोपऱ्यावरच्या उजांगच्या दुकानात गेले. पतंगाचा पिवळा कागद अख्ख्या वस्तीत त्याच्याकडेच मिळतो. विचारलं, हा कुणाला विकलास?

उजांग माझ्याकडे बघतच राहिला. "तुमच्याच घरी तर गेला, बू. काल माक आल्या होत्या."

मी म्हटलं, सकाळीच चढवलीस की काय? ती बाई दोन वर्षांत न्हाणीघरापर्यंत चाललेली नाही.

"मी पण तेच विचारलं त्यांना," तो म्हणाला. "म्हटलं, बरं वाटतंय का आता? तर म्हणाल्या, वाटेल."

माझा विश्वास बसला नाही. उजांगचा मेहुणा नासेरीनच्याच खोलीत राहायचा. एकाच माळेचे मणी, म्हटलं. दोघांनी मिळून मला वेडी ठरवायचा घाट घातलाय.

तरी घरी आले, आणि झोपलेल्या माकच्या पायावरचं पांघरूण वर केलं.

तळवे स्वच्छ होते...

नुकतेच धुतल्यासारखे ओलसर. सकाळी मीच पुसले होते का? कितीही आठवलं तरी आठवेना.

तिसरा झेंडा आला तो सोमवारी. दुपारी दोन वाजता, सगळी गल्ली जेवून आडवी झाली होती तेव्हा. माझं डोकंच फिरलं. तो काठीसकट उपटला आणि सरळ नासेरीनच्या फाटकाला बांधला. नीट त्याच्या दाराकडे वळवून. घे म्हटलं, तुझं तुला.

कुणी पाहिलं नाही. याची मी खात्री केली होती.

साडेतीनच्या नमाजानंतर लोक जमले. मी पडद्यामागे उभी. नासेरीन लुंगी सावरत बाहेर आला आणि तोंडाला येईल ते बोलायला लागला. तो जिवंत आहे, धडधाकट आहे, कुणा नालायकाचं काम हे? मी तोंडात ओढणी कोंबून हसत होते. मग लोकही हसले. तोही जरा निवळला. आलाच आहात तर चहा घ्या, मारपुआला उठवतो, म्हणून आत गेला.

तो बाहेर आला नाही...

बराच वेळ आला नाही.

मग आतून त्याचा आवाज आला. तिचं नाव घेत होता. पुन्हा पुन्हा, हळूहळू, उठवतात तसं.

जेवून पडली होती ती. अंग गार झालं होतं. मयताला न्हाऊ घालणाऱ्या बाईनं सांगितलं, दोनच्या सुमाराला गेली असावी.

आजारपण नाही, काही नाही. एक्कावन्न वय. या गल्लीत माझी एकुलती एक मैत्रीण ती. आमच्या माक गेल्या असं वाटून माझ्याआधी रडली होती ती. नासेरीनवर सूड उगवताना त्या घरात तीही राहते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे मला आजही सोसत नाही.

तिला पाहून मी कशीबशी घरी आले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

माक पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. पाय जमिनीवर. केस विंचरत होत्या.

"भूक लागलीय," म्हणाल्या. दोन ताटं भात खाल्ला. मग हात पुसता पुसता, अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "बरं केलंस, एन्दाह. कुणाकडे तरी द्यायलाच हवा होता तो."

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

नासेरीन घर विकून लेकीकडे बोगोरला गेला. दिरा-नणंदेच्या तोंडचं विक्रीचं नाव बंद झालं. घर आमचं राहिलं. वार्सितो म्हणतो, अल्लाची कृपा, आई उठून चालायला लागली. आता माक स्वयंपाक करतात, मी त्यांच्या हातचं मुकाट खाते. खोकला आला तरी मी त्यांच्यासमोर दाबते.

गेल्या महिन्यात मात्र माक पुन्हा थकल्या. जिना चढताना धाप लागते. दोन दिवस अंथरुणातच होत्या. त्याच आठवड्यात शेजारी नवं कुटुंब आलं. नवरा-बायको, तिचे आईवडील, एक तान्ही पोर.

काल सकाळी मी माकचे पाय दाबत होते. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "शेजारी माणसं किती आहेत गं?"

माझे हात थांबले.

मी म्हटलं, "कुणीच नाही, माक. घर रिकामं आहे."

माकनी डोळे उघडले. खिडकीकडे तोंड करून हळूच हुंगलं.

"मग कांदा कोण तळतंय?"