रिकामी खुर्ची

बसा रे पोरांनो, पण गॅलरीतला दिवा राहू द्या. ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची, दुर्गाची. लॉकडाऊनच्या वर्षी, गटारीच्या रात्री घडलेली.

संध्याकाळी दुर्गा खाली जाऊन मोबाइलचा रिचार्ज मारून आली. ती मनाच्या आजारांवर उपचार करायची. दादरला एकटी राहायची. बाहेर पडायची बंदी, म्हणून पेशंटशी व्हिडिओ कॉलवर बोलायची.

त्या रात्री कॉल होता लालबागच्या गंगाधरचा. जुना गिरणी कामगार. संपात त्याचा धाकटा भाऊ आनंदा चोरून गिरणीत कामावर गेला. गंगाधरनं संतापून दाराला आतून कडी घातली. आनंदा रात्रभर दार वाजवत राहिला. पहाटे रुळांवर सापडला. तेव्हापासून गंगाधरला रोज रात्री दार वाजलेलं ऐकू यायचं.

दुर्गा म्हणाली, "काका, समोर एक रिकामी खुर्ची ठेवा. आनंदा बसलाय असं समजा. राहिलेलं बोला."

गंगाधरनं मोबाइल खिडकीत टेकवला. खुर्ची मांडली. हात जोडले.

"आनंदा... माझा चुकला रे. ये, भितर ये."

आणि दार वाजलं.

दुर्गानंही ऐकलं.

गंगाधर उठला. कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. तो परत येऊन बसला, आणि खुर्ची करकरली.

पडद्यावर ती रिकामीच होती. पण गंगाधर तिच्याशी बोलत होता. रडत होता. मग थांबला. मोबाइलकडे वळला.

"ताई... तो तुमच्याकडे बघतोय."

"काका, बस झालं आता..."

"विचारतोय, मोबाइलातला ह्या घर कोणाचा?" आणि तो खुर्चीकडे वळून म्हणाला, "ताईंचा रे. दादराक रवतत. चांगली बाई."

"काका, नको..."

गंगाधरनं खुर्चीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "ताई, गेला तो."

कॉल कटला.

घरात शांतता...

मग दुर्गाचं दार वाजलं.

एकदा. थांबून, पुन्हा.

तिनं उघडलं नाही. खोलीत दिवा लावून, भिंतीला पाठ लावून ती बसून राहिली. दार वाजत राहिलं. पहाटे कधीतरी थांबलं.

सकाळी तिचा फोन आला म्हणून मी धावत गेलो. माझा आवाज ओळखून तिनं कडी काढली. रात्रीचं सगळं सांगितलं. गंगाधर? तो त्या रात्रीपासून ढाराढूर झोपतोय.

मी तोंडावर पाणी मारायला मोरीत गेलो. खुंटीवर तिचा पांढरा टॉवेल होता. त्यावर मशीनच्या काळ्या तेलाचे दोन पंजे. पुरुषाचे.

टॉवेल अजून ओला होता.